इसब, डाळीचं पीठ आणि १२४० आयजीई : दहा महिन्यांच्या बाळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यातलं, सोलापूर भागातलं आहे. पालकांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार कसा वाढला आणि कुठे कोणता निर्णय घेतला, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

दहा महिन्यांची मुलगी आईच्या कडेवर आली. बाळ नवीन जागी आलं की इकडेतिकडे बघतं. ही बघत नव्हती, आईच्या खांद्यावर गाल घासत होती. हातांत सुती मोजे घातलेले, आणि मोज्यांच्या टोकांवर रक्ताचे वाळलेले ठिपके. आई म्हणाली, "मॅडम, रात्रीतून पाच-सहा वेळा उठते. उठते म्हणजे रडत नाही, नुसती खाजवत बसते."

जन्म दिवस भरून झालेला, वजन २.९ किलो. वडिलांना धुळीने शिंका येतात, मामाला दमा आहे. अडीच महिन्यांची असताना गाल कोरडे आणि लाल झाले, चौथ्या महिन्यात हातपाय, टाळू आणि मानेच्या वळ्यांत चट्टे आले. हेच इसब, म्हणजे एक्झिमा. घरात "बाळाला उष्णता झाली" असं म्हणून थोडे दिवस गेले. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. लावली की दोन दिवस बरं वाटायचं, थांबवली की चट्टे दुप्पट.

सातव्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. आईने स्वतःच्या ताटातलं पातळ पिठलं बोटाने चाटवलं. दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, मग छातीवर उठल्या, आणि एकदा उलटी झाली. तासा-दीड तासात सगळं ओसरलं. तिखट लागलं असेल, असं सगळ्यांनी धरलं आणि विषय तिथेच संपला.

अडचण

आठव्या महिन्यात तिची रक्ततपासणी झाली. एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडं) १२४० आलं. प्रयोगशाळेच्या कागदावर या वयाची वरची मर्यादा १५ छापलेली होती, त्यामुळे तो आकडा ठळक अक्षरांत. सोबत चाळीस पदार्थांचं पॅनेल आणि त्यात सतरा पॉझिटिव्ह : दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, हरभरा, मसूर, केळं, बटाटा, वांगं आणि बरंच काही. तो कागद बघून सगळं बंद करण्यात आलं. बाळाचंही आणि अंगावर पाजते म्हणून आईचंही.

माझ्याकडे आली तेव्हा बाळ तांदळाची पेज, उकडलेलं सफरचंद आणि आईचं दूध यांवर होतं. सहाव्या महिन्यात ६.८ किलो असलेलं वजन दहाव्या महिन्यात ७ किलो होतं. चार महिन्यांत दोनशे ग्रॅम. आईचं स्वतःचं पाच किलो वजन उतरलं होतं. ती हे सांगत होती ते तक्रार म्हणून नाही, हिशेब दिल्यासारखं : "मी पण दूध, पोळी, शेंगा, सगळं सोडलंय. तरी खाज कमी होत नाही."

त्या वाक्यातच प्रकरणाची गुरुकिल्ली होती. दोन महिने सतरा पदार्थ बंद ठेवून चट्टे तसूभरही हटले नव्हते. पदार्थांमुळे इसब झालं असतं, तर थोडा तरी फरक पडायला हवा होता. मग उलट प्रश्न विचारावा लागतो : इसबामुळे आयजीई चढलंय का?

कातडी फाटली की आयजीई का चढतं

आयजीई ही प्रतिपिंडं १९६६-६७ मध्ये सापडली. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनच्या उप्सालामध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे ती शोधली, आणि १९६८ मध्ये त्यांचं नाव ठरलं. रक्तात ती अगदी थोडी असतात. त्यांचं खरं काम मास्ट पेशींवर चिकटून बसण्याचं. ओळखीचं प्रथिन आलं की या पेशी आतला साठा मोकळा करतात, हिस्टामिन बाहेर पडतं आणि गांधी, सूज, उलटी, धाप सुरू होते.

पण एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयारच का होतं, हा पुढचा प्रश्न. इथे कातडी येते. कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो, आणि सुदृढ असेल तर तो शेणाने नीट सारवलेल्या भिंतीसारखा असतो : पाणी आतलं आत, धूळ बाहेरची बाहेर. या थराला घट्ट बांधणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकातले बिघाड आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांच्या गटाने दाखवला. भिंतीचे पोपडे निघाले की बाहेरचं आत जातं. साबणाचा अल्कधर्मीपणा, गरम पाणी आणि नखं हे पोपडे आणखी काढतात.

एवढंच असतं तर भागलं असतं. पण जखमी झालेली कातडीची पेशी गप्प बसत नाही. फाटताना किंवा ताण पडताना ती टीएसएलपी आणि आयएल-३३ असे संदेश सोडते. शरीराच्या दृष्टीने ते धोक्याचे भोंगे आहेत. ते ऐकून कातडीतल्या टेहळणी करणाऱ्या पेशी त्या क्षणी जे काही प्रथिन आत शिरलं असेल ते उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीत नेऊन "हा शत्रू" म्हणून दाखवतात. मग आयएल-४ आणि आयएल-१३ या आणखी दोन संदेशांच्या प्रभावाखाली बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयजीई बनवायला लागतात. तेच प्रथिन पोटातून गेलं असतं, तर बहुतेक वेळा शरीराने ते "आपलं" म्हणून स्वीकारलं असतं. वाट बदलली की निकाल बदलतो. लंडनचे गिडियन लॅक यांनी २००८ मध्ये ही मांडणी केली : कातडीतून वावडं, पोटातून सहनशक्ती. त्याआधी २००३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं होतं की शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लहानपणी लावलेल्या मुलांत शेंगदाण्याचं वावडं अधिक आढळतं.

याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा जपानमध्ये, कोणाची इच्छा नसताना, मिळाला. तिथे चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाचं वावडं जडलं. आयुष्यभर नूडल आणि पाव खाल्लेली मोठी माणसं ती. २०११ मध्ये तो साबण परत मागवला गेला.

आणखी दोन प्रयोग मला या प्रकरणात सतत आठवत होते. बॉस्टनमधल्या एका गटाने २०१९ मध्ये उंदरांच्या कातडीवर चिकटपट्टी लावून ती ओढून काढली, म्हणजे खाजवण्याची नक्कल केली. जखम कातडीला, पण आतड्यातल्या मास्ट पेशींची संख्या वाढली, कारण कातडीने सोडलेलं आयएल-३३ रक्तातून आतड्यापर्यंत पोचलं होतं. इसबाच्या रुग्णांच्या लहान आतड्यातही अशा पेशी जास्त दिसल्या. आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की कातडीच्या पेशींचा डीएनए बिघडवणारं रसायन लावल्यावर उंदरांत आयजीई वाढतं आणि ते त्यांचं कातडीच्या कर्करोगाच्या गाठींपासून रक्षण करतं. म्हणजे आयजीई ही मुळात कातडीच्या नुकसानीला दिलेली हाक असू शकते. माझ्या समोरच्या बाळाचं जवळजवळ निम्मं अंग दहा महिन्यांपैकी सात महिने फाटलेलं होतं. १२४० मध्ये मला नवल वाटलं नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तोच रस्ता पुढे नेण्याचा : आणखी पदार्थ काढायचे, महागडं विघटित प्रथिनांचं दूध द्यायचं. वजन बघता हा मला धोकादायक वाटला. दुसरा, पोटातून स्टिरॉइडचा छोटा कोर्स. चार दिवसांत बाळ झोपलं असतं, आई मला दुवा देत घरी गेली असती, आणि औषध थांबताच सगळं उसळून आलं असतं. तिसरा, पुण्या-मुंबईच्या ॲलर्जीतज्ज्ञांकडे लगेच पाठवणं. हा गैर नव्हता, पण फाटलेल्या, पू धरलेल्या कातडीवर टोचणी चाचणी (कातडीवर पदार्थाचा थेंब टोचून फुगवटा येतो का ते बघणं) तिथेही झाली नसती.

चौथा निवडला. आधी कातडी बांधायची, मग पदार्थ एकेक करून परत आणायचे, आणि पदार्थ परत देताना माझ्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांच्या रुग्णालयात, ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, हाताशी ठेवून द्यायचे. घरी का नाही? इसबाच्या मुलांत एखादा पदार्थ बरेच दिवस बंद ठेवला, की आधी पचणारा पदार्थही परत देताना अचानक तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. वर्ज्य करण्याची ही किंमत पॅनेलच्या कागदावर कुठेच छापलेली नसते.

रक्ताचं पॅनेल पुन्हा करावं का, असं वडिलांनी विचारलं. मी नको म्हटलं. एकूण आयजीई एवढं चढलेलं असताना पॅनेलमध्ये अनेक पदार्थ जराजरा पॉझिटिव्ह येतातच. रक्तात प्रतिपिंडं सापडणं म्हणजे संवेदना. खाल्ल्यावर त्रास होणं म्हणजे वावडं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आईच्या ताटातल्या सतरापैकी किती पदार्थांनी बाळाला खरोखर त्रास झाला, हे कोणी विचारलंच नव्हतं.

काय केलं

चट्ट्यांवर पिवळसर मधासारख्या खपल्या होत्या, म्हणजे जंतुसंसर्ग. त्यासाठी सात दिवस पोटातून अँटिबायोटिक दिलं. चेहऱ्याला डेसोनाइड, अंगाला फ्लुटिकासोन, ही दोन्ही स्टिरॉइड मलमं, दिवसातून एकदा. स्टिरॉइड म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. मी तिच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढून दाखवली : एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला. कमी नको, जास्त नको. भीतीपोटी मोहरीएवढं लावलेलं मलम निष्फळ ठरतं आणि मग "स्टिरॉइडनेही गुण नाही" असा समज होतो.

मलमापेक्षा महत्त्वाचं ते साधं पेट्रोलियम जेली. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं आंघोळ, अंग टिपून घ्यायचं, पुसायचं नाही, आणि तीन मिनिटांच्या आत अंगभर जेली. दिवसातून तीनदा. आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅम संपलं पाहिजे, असं मी डबीवर लिहून दिलं. आणि सांगितलं, "साबण बंद करा."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

दहा दिवसांनी पाठ, पोट, पाय निवळले होते. बाळ रात्री एकदाच उठत होतं. पण मानेच्या वळ्या, कोपरांच्या आणि गुडघ्यांमागच्या लवणी जशाच्या तशा लाल होत्या, उलट जास्तच. मी मलमाची ताकद एक पायरी वाढवली. तो निर्णय चुकीचा होता. अंगाचा बाकी भाग बरा होतो आणि वळ्याच तेवढ्या राहतात, तेव्हा औषध कमी पडत नसतं. त्या जागी काहीतरी रोज पोचत असतं आणि साचत असतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तिसरी भेट

तिसऱ्या भेटीला आजी सोबत आल्या. बाळाला टेबलावर निजवून मी भिंगाखाली मानेची वळी उघडली. तळाशी पिवळसर, कोरडा, रव्यासारखा थर होता. मला वाटलं, पुन्हा संसर्गाची खपली. चिमटीने उचलायला गेले तर तो चुरला. खपली अशी चुरत नाही, ती एका तुकड्यात उचलली जाते आणि खाली ओल दिसते. बोटांवर घेऊन वास घेतला. डाळीचं पीठ.

"आजी, आंघोळीच्या वेळी अंगाला काय लावता?"

"काय लावणार, मॅडम? बाळाला लावतात तेच. डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. लव जाते, अंग उजळतं."

बारशाच्या आठवड्यापासून रोज लावत होत्या. चट्टे आल्यावर थोडं कमी केलं होतं, आठवड्यातून दोन-तीनदा. आणि मी साबण बंद करायला सांगितल्यापासून पुन्हा रोज सुरू केलं होतं. साबणाऐवजी काहीतरी हवंच ना! माझ्याच सूचनेने पीठ तिप्पट झालं होतं.

सातव्या महिन्यातलं पिठलं आईने त्याच वेळी आठवून सांगितलं. पहिल्या भेटीत मी "काय खाल्ल्यावर त्रास झाला?" असं विचारलं होतं आणि तिने "काहीच नाही" म्हटलं होतं, कारण घरात त्या घटनेचं नाव "तिखट लागलं" असं होतं. आता साखळी दिसली. महिनोनमहिने हरभऱ्याचं प्रथिन फाटक्या कातडीवर चोळलं गेलं, आणि मग पहिल्यांदा ते तोंडात गेलं तेव्हा शरीर त्याला ओळखत होतं, शत्रू म्हणून.

आजी शांत झाल्या. मग विचारलं, "म्हणजे मीच केलं का हे?"

याचं उत्तर घाईत द्यायचं नसतं. मी त्यांना खरं तेच सांगितलं. कोरडी, फाटणारी कातडी घराण्यातून आली, ती पिठाच्या आधीपासूनची. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाळांना पीठ लावतात आणि बहुतेकांना काही होत नाही, कारण त्यांची भिंत धड असते. हिची नव्हती. एका मुलीवरून पिठानेच हे झालं असं छातीठोक सांगताही येत नाही. घरात बेसन उडतंच, हवेतून, हातांवरून तेही पोचलं असणार. पण आता ते चोळणं थांबवायचं, आणि ज्या हातांना मालिशची सवय आहे त्याच हातांनी जेली लावायची. हे काम आजींनी घेतलं. नंतरच्या आठवड्यांत बाळाला जो गुण आला, त्यात माझ्या औषधाइतकाच त्या हातांचा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

मलमाची ताकद पुन्हा खाली आणली. आठ दिवसांत वळ्या निवळल्या.

वावडं नेमकं कशाचं

पाच आठवड्यांनी इसबाचा गुणांक ५८ वरून १७ वर आला, म्हणजे तीव्रवरून सौम्यवर. खाजेचं औषध पाच दिवस आधी थांबवून, पाठीच्या निरोगी कातडीवर टोचणी चाचणी केली. हरभऱ्याचा फुगवटा ९ मिलिमीटर. अंडं ५, मसूर ४, दूध ३, शेंगदाणा ३, गहू २. मूग शून्य, तूर शून्य. रक्तात हरभऱ्याविरुद्धचं आयजीई ३८.

इथे पुन्हा निर्णयाची जागा होती. फुगवटा आला म्हणून पदार्थ बंद, असं केलं असतं तर आम्ही जिथून निघालो तिथेच पोचलो असतो. हरभरा पूर्ण बंद ठेवला, कारण चाचणी आणि घडलेला प्रसंग दोन्ही जुळत होते. दूध आणि गहू ती आधी विनात्रास खात होती. रुग्णालयात थोडं थोडं वाढवत दिलं आणि दोन्ही पचले. त्या दिवशी संध्याकाळी आईने स्वतः तीन महिन्यांहून अधिक काळाने चहा-पोळी खाल्ली.

शेंगदाण्यावर आम्ही बराच विचार केला. तिने तो कधी खाल्लाच नव्हता. सोलापूरच्या घरात शेंगा, कूट आणि चटणी यांच्यापासून मूल लांब ठेवणं अशक्य. ते हवेत, फडक्यावर, आईच्या बोटांवर असणारच. म्हणजे कातडीतून पोचणार आणि पोटातून नाही, हीच सगळ्यात वाईट स्थिती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ६४० बाळं होती, सगळी तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं असलेली. ज्यांच्या टोचणी चाचणीत आधीच लहान फुगवटा होता, त्यांच्यातही शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी ३५.३ टक्क्यांना पाचव्या वर्षी वावडं होतं, आणि नियमित खाणाऱ्यांपैकी १०.६ टक्क्यांना. हिचा फुगवटा त्याच गटात बसणारा होता. म्हणून बाराव्या महिन्यात रुग्णालयात दह्यात कालवलेला बारीक कूट दिला. दोन तास थांबलो. काही झालं नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा कूट चालू आहे. अख्खे दाणे मात्र नाहीत, ते घशात अडकतात.

अंड्याच्या वेळी पाव अंड्यालाच हनुवटीवर गांधी उठल्या, थांबवलं. मसुराने ओठ सुजला. हरभरा, मसूर, वाटाणा या नात्यातल्या डाळी आहेत, त्यामुळे तेही अनपेक्षित नव्हतं. मूग-तुरीचं वरण बाळ पोटभर खात होतं.

घरी लेखी यादी दिली : पिठलं, झुणका, भजी, शेव, फरसाण, ढोकळा, पुरण, फुटाणे, डाळं, कढीला लावलेलं पीठ. ॲड्रेनलिनचं आयतं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे अँप्युल आणि छोटी सिरिंज, वजनागणिक मात्रेची खूण करून, आईला आणि आजींना संत्र्यावर टोचायला शिकवून दिली.

परिणाम

चौदाव्या महिन्यात वजन ८.६ किलो झालं. झोप सलग. स्टिरॉइड आठवड्यातून दोन दिवस, फक्त नेहमी उठणाऱ्या जागांवर, जेली रोज.

आयजीईचं मात्र सरळ रेषेत उतरणं झालं नाही. तेराव्या महिन्यात वडिलांनी परस्पर तपासणी केली आणि रात्री फोन आला : "मॅडम, पंधराशे दहा झालंय! वाढलंय!" कातडी स्वच्छ, वजन वाढतंय, आणि आकडा वर. मला त्यांची घाबरगुंडी समजत होती. कागदावरचा ठळक आकडा माणसाला झोपू देत नाही. आयजीईचा रेणू रक्तात दोन-तीन दिवसच टिकतो, पण तो बनवणाऱ्या पेशी दीर्घकाळ जगतात, आणि वयाबरोबर पातळी तशीही चढते. कातडी मिटल्याचा हिशेब त्या आकड्यात उमटायला महिने, कधी वर्षं लागतात. दोन वर्षांची झाली तेव्हा एकूण ६९०, हरभऱ्याचं २१. तिसऱ्या वर्षी हरभऱ्याचं ११. विसाव्या महिन्यात केकमध्ये भाजलेलं अंडं पचलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बावीस महिन्यांची असताना हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारच्या मुलाने तिच्या तोंडात शेव घातली. गांधी आणि पाठोपाठ खोकला. आजींनी इंजेक्शन दिलं, मग रुग्णालयात नेलं. रात्रभर देखरेखीत ठेवून सकाळी सोडलं. आज ती तीन वर्षांची आहे आणि हरभरा अजूनही बंद आहे.

पुन्हा वेळ आली तर काय वेगळं करेन

पहिल्याच भेटीत "काय खाता" याच्या आधी "अंगाला काय लावता" हे विचारेन, आणि शक्य असेल तर अंग चोळणाऱ्या व्यक्तीलाच विचारेन. आईला आंघोळीचा तपशील माहीत नव्हता, कारण ते खातं आजींचं होतं.

"साबण बंद" असं अर्धवट वाक्य पुन्हा कधी बोलणार नाही. बंद केलेल्या गोष्टीची जागा घरात दुसरी गोष्ट घेतेच. ती कोणती, हे मीच सांगायला हवं होतं.

वळ्या बऱ्या होत नसताना मलमाची ताकद वाढवण्याआधी कपडे काढून, भिंग लावून, वळीच्या तळापर्यंत बघेन. त्या अकरा दिवसांत बाळाच्या मानेवर गरजेपेक्षा जोरदार स्टिरॉइड गेलं.

कातडी लवकर आणि जोरात आटोक्यात आणली असती, म्हणजे चौथ्या महिन्यात, तर हरभऱ्याचं वावडं टळलं असतं का? जपानमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इसब असलेल्या तान्ह्या बाळांवर सुरुवातीपासून जोरदार मलम-उपचार केले, तेव्हा अंड्याचं वावडं ४१.९ टक्क्यांऐवजी ३१.४ टक्के मुलांत दिसलं. पण त्या मुलांचं वजन आणि उंची थोडी मागे राहिली. म्हणजे दिशा बरोबर, मात्रा जपून. आणि नुसतं जन्मापासून मॉइश्चरायझर लावून इसब टळतं, ही आशा २०२० मध्ये आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी फोल ठरवली. म्हणून प्रत्येक गरोदर बाईला मी तसा सल्ला देत नाही. फाटलेली कातडी दिसली की मात्र एक आठवडाही वाया घालवत नाही.

आईकडे माझं लक्ष उशिरा गेलं. दूध, डाळ, गहू सोडलेल्या, पाजणाऱ्या बाईचं कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. दीड महिन्याने बघितलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ होतं.

त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर दोन ओळी वाढल्या आहेत : अंगाला काय चोळता? साबणाऐवजी काय वापरता? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मसूर डाळीचं पीठ, दुधावरची साय, घाण्याचं तेल, कणकेचा गोळा. मागच्या महिन्यात पाच महिन्यांचा एक मुलगा आला, गाल भेगाळून लस येत होती. आई म्हणाली, "रोज एक बदाम उगाळून लावते, चांगला असतो ना?" त्याने अजून बदाम खाल्लेला नव्हता.